न मारलेली हाक

जुन्या रद्दीचा कुबट वास आला की माझं डोकं आजही तापतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझी थोरली बहीण, अक्का, नगरच्या दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. रद्दीत सापडलेलं भुताच्या चित्रकथांचं इंग्रजी पुस्तक ती मला मराठीत सांगायची. एका गोष्टीत मेलेल्या घड्याळजीच्या दारावर थाप पडत राहते. दार शेवटच्या पानावर उघडतं, आणि आमच्या पुस्तकाचं तेच पान फाटलेलं होतं.

"दाराशी कोण असंल रे?" अक्का सारखं विचारायची.

एक दिवस त्याच पुस्तकाची दुसरी, अख्खी प्रत एका रद्दीवाल्याकडे मागच्या कव्हरासकट दिसली.

"चाचा, भाव जरा माणसात आना."

"फुकट चाळू नको. घ्यायचं तर घे, न्हाईतर ठेव."

मी ठेवलं आणि चालू लागलो. गिऱ्हाइकानं पाठ फिरवायची, दुकानदारानं हाक मारायची, मग सौदा पटायचा, ही बाजाराची रीत. त्यानं हाक मारली नाही आणि मी मागं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तर पुस्तक विकलं गेलं होतं.

"न्हाई मिळालं? मग तूच सांग शेवट. बाजारात तर लई बोलतोस," अक्का हसून म्हणाली. शेवट सांगायचा राहिला. त्याच आठवड्यात ती गेली.

चाचाला मी आजही शिव्या घालतो. एक हाक मारली असती तर त्याचं काय गेलं असतं? तो मागत होता तेवढे पैसे माझ्या खिशात होते, हे मात्र मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.