गुळाची तुला

परळच्या हॉस्पिटलात माझ्या लेकीच्या छातीत नळी बसवली तेव्हा ती दोन महिन्यांचीही नव्हती. तिच्या हृदयाची घडणच जन्मतः बिघडलेली. रडली की ओठ जांभळे पडायचे. ही तात्पुरती सोय आहे, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. नळीतून फुप्फुसांकडे जास्त रक्त जाईल, पोर तग धरेल, अंगानं भरेल, मग खरं ऑपरेशन.

पण लालबागच्या आमच्या चाळीत ऑपरेशन म्हणजे ऑपरेशन. ओठ गुलाबी दिसले आणि झालं, पोर बरी झाली! शेजारणी पेढे मागायला लागल्या. मी मात्र आंघोळ घालताना तिची नखं निळी पडतायत का ते निरखत बसायची, आणि कुणी "सुटलीस गो बाय" म्हटलं की माझं डोकं फिरायचं. सुटले कुठे?

त्यात सासूबाईंचा नवस. ऑपरेशनातून पोर वाचली तर तिच्या वजनाइतका गूळ गावच्या देवाला. पोर बसायला लागली तसा त्यांनी विषय काढला. इतक्या लांब गावी न्यायला डॉक्टरांची मनाई होती, तेव्हा चाळीच्या चौकातच तुला करायची ठरली. किराणावाल्याचा मोठा तराजू आला आणि मी तोंड सोडलं. "आई, नवस फेडायचा म्हणजे पोर बरी झाली असं देवाला सांगायचं. ती बरी झालेली नाही. मोठ्या ऑपरेशननंतर बघू."

सासूबाई गुळाची ढेप फडक्यात बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माका समाजता सगळा. पण तवसर पारड्यात बसवूक चेडू हातात नाय रवला तर?"

मोठ्या ऑपरेशनपर्यंत पोर राहिलीच नाही तर, हे त्यांनी उघड विचारलं होतं. त्यांचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. घरात घाबरलेली मी एकटी नव्हते.

मीच पोरीला नवं झबलं घालून पारड्यात बसवलं. ती गुळाकडे हात मारायला लागली, सगळे हसले. चाळीतल्या सर्वांत वयस्कर आजोबांनी देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक तू बरा केलंस..."

जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणणार, तोच सासूबाईंनी हात वर केला. "बरा केलंस म्हणू नकात. सांभाळ म्हणा."

आजोबा गोंधळले, पण त्यांनी तसं गाऱ्हाणं घातलं.

पुढे पावसाळ्यात पोरीला जुलाब लागले. अंगातलं पाणी आटलं आणि रक्त गोठून नळी बंद पडली. हॉस्पिटलात धावलो, डॉक्टरांनी शर्थ केली, पण ती गेली. मोठं ऑपरेशन राहूनच गेलं.

नवस फुकट गेला, असं चाळीत काही जणी म्हणाल्या. सासूबाई त्यांच्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मीही नाही.