मिस वायनेलच्या मापाची शिडी

हॉइट लेडबेटर यांची आणि माझी पहिली भेट चांद्रयानात झाली, आणि त्यांनी मला तिथून हाकलून दिलं. इतका अपमान पदरात घेऊन चंद्रावरून आजवर कोणी खाली उतरला नसेल. मी यानाच्या दारातून एक पाय आत टाकला मात्र, आतून अशी डरकाळी आली की हंट्सव्हिलमधल्या वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्यांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. पाठोपाठ सव्वासहा फुटी म्हातारा बाहेर आला. एका हातात लाकडी हातोडा, दुसऱ्या हातात सरसाचा ब्रश, कानामागे वल्ह्याएवढी पेन्सिल.

"हलू नकोस, बाळा! सरस ओला आहे!"

मी हलणार कसा? चिकटलो होतो. शेवटी बूट तिथेच सोडून मोज्यांवर खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पटाशीने सोडवून, पॉलिश करून माझ्या टेबलावर आणून ठेवले. उजव्या बुटाचा तळ मात्र यानातच राहिला.

तेव्हा अलाबामातल्या आमच्या कंपनीत साठ माणसं होती. त्यांतली चाळीस इंजिनियर आणि बाकीची शहाणी. माणसांना चंद्रावर उतरवणारं यान बनवायचं कंत्राट मिळावं म्हणून तीन कंपन्या जिवाच्या आकांताने धावत होत्या, आणि आम्ही तिसरे होतो. खरं यान बनवण्याआधी प्लायवूडचं, खऱ्याच मापाचं एक यान उभं करतात. मग नासाचे अंतराळवीर येतात, त्यात वाकतात, बसतात, शिडी चढतात आणि तोंड वाकडं करून जातात. असं यान ठोकायला इंजिनियर चालत नाही, सुतार लागतो. म्हणून चर्चची बाकं, स्वयंपाकघरातली कपाटं आणि हरणांच्या शिकारीची मचाणं करण्यात आयुष्य घालवलेले हॉइट सत्तराव्या वर्षी आमच्याकडे आले. यानाला ते मचाणच म्हणायचे. "ह्या मचाणावरून हरणं दिसणार नाहीत, एवढाच फरक."

मोजायच्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. पाइनची एक काठी घ्यायची, ज्याचं माप हवं त्याला ती भिडवायची आणि पेन्सिलने खूण करायची. काठीवर आकडा नाही, नाव नाही. "आकडे वाचताना माणूस चुकतो. काठी चुकत नाही." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की माझ्या स्वप्नात काठ्या यायच्या.

त्या वर्षी मात्र त्यांचं मन यानात नव्हतं. डिसेंबरात त्यांची बायको वायनेल घराच्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, गुडघा आखडला. तेव्हापासून ती कलमन गावात मुलीकडे राहत होती. लेकीने पायऱ्यांऐवजी उतरण बांधायचं सुचवलं, तर मिस वायनेल (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात) म्हणाल्या, "मी काय पिंप आहे ढकलत न्यायला?" जावयाने उचलून नेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "मला उचलून त्या घरात एकाच माणसाने नेलं, शेहेचाळीस वर्षांपूर्वी. आणि त्यानेही डोकं चौकटीवर आपटलं होतं." थोडक्यात, स्वतःच्या पायांनी चढेन तर घरी येईन, नाहीतर नाही.

म्हणून हॉइट काठी घेऊन कलमनला गेले. शिकारीची जुनी मासिकं एकावर एक रचत गेले आणि बायकोला त्यावर पाय ठेवायला सांगत गेले. "तीस वर्षांत ह्या कचऱ्याचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला," मिस वायनेल म्हणाल्या. जिथवर पाय न दुखता उचलला गेला, तिथे हॉइटनी काठीवर खूण केली. ती खूण सात इंचांवर होती, हे नंतर कळलं. तेवढ्याच उंचीच्या पायऱ्या ईस्टरपर्यंत तयार करायच्या ठरल्या.

ईस्टरच्या रविवारी व्हरांड्यासमोर अर्धं चर्च जमलं होतं. माझ्या मोजणीप्रमाणे बायका नऊ आणि भाजलेल्या बटाट्याच्या किसाची भांडी अकरा. मीही होतो, भांड्यांसाठी. मिस वायनेल गाडीतून उतरल्या, निळा झगा, निळी टोपी, हातात आधाराची काठी. कोऱ्या करकरीत पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. पाय उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"हॉइट, ह्या माझ्यासाठी केल्यास की खेचरासाठी?"

सगळे हसले. त्याही हसल्या. मग तिसऱ्यांदा पाय उचलला, आणि कोणी हसलं नाही.

हॉइट खाली बसून पायरीवर हात फिरवत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वायनेल, काठ्यांची अदलाबदल झाली गं. यानाच्या शिडीची काठीपण माझ्याच ट्रकमध्ये होती. ह्या चंद्राच्या पायऱ्या आहेत. तुझ्या पायऱ्या मी यानाला लावल्या."

"पुरे, हॉइट." त्या हळूच म्हणाल्या. "तुझी काठी कधी चुकलीय? माझा पायच आणखी गेलाय. तुला ते म्हणवत नाही, एवढंच." आणि गाडीत जाऊन बसल्या. काचेतून म्हणाल्या, "घर विकून टाक. ह्या भांड्यांतलं जेवण मात्र वाया घालवू नका."

सोमवारी सकाळी हॉइट माझ्या टेबलापाशी उभे राहिले. आत येणाऱ्यांचे पास मी लिहायचो. ते रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"एक पास दे, बाळा."

"कोणाच्या नावाचा?"

"वायनेल लेडबेटर."

"काम काय लिहू?"

त्यांनी विचार केला. "शिडी चढणे."

दुसऱ्याच दिवशी नासाची माणसं येणार होती. अशा वेळी बाहेरच्या माणसाला यानाजवळ नेणं म्हणजे नोकरी सोडण्याचा अर्ज. मी पास लिहिला. 

मिस वायनेल आल्या त्या रागातच. "भेट द्यायला दुसरी जागा मिळाली नाही? लाकडाची वखार दाखवायला आणलंस?" हॉइटनी त्यांना शिडीपाशी नेलं आणि दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर त्यांचे हात ठेवले. "एकच पायरी. नाही जमली तर उद्या घर विकायची पाटी लावतो."

त्यांनी पाय उचलला. पाय पायरीवर बसला, जणू तिथेच राहायला होता. मिस वायनेलनी खाली पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. दुसरी पायरी. तिसरी. हॉइट मागे हात पसरून उभे होते, न शिवता, ताटातलं काचेचं भांडं जपावं तसे. ड्रॉइंगच्या कागदावर सात पायऱ्या होत्या, त्यांनी अकरा ठोकल्या होत्या, आणि चाळीस इंजिनियर रोज तिथून जात असूनही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. अकरावी पायरी चढून त्या यानाच्या दारात उभ्या राहिल्या. टोपी सरळ केली. डोळे पुसले.

"काठ्यांवर नावं लिहीत जा, मेल्या," त्या म्हणाल्या. मग आत डोकावून, "स्वयंपाकघर कुठाय? हे लोक खाणार काय?"

नेमक्या त्याच वेळी आमच्या मुख्य इंजिनियर प्रुइट बाई आल्या. उद्याच्या काळजीने त्या आधीच अर्ध्या झाल्या होत्या. यानात हातपिशवी घेतलेली एक आजी पाहून उरलेल्या अर्ध्याही गेल्या.

"मिस्टर हॉइट! ह्या कोण?"

"माझी बायको, मॅडम. काल घरात चढली नाही, म्हणून आज चंद्रावर चढवली."

प्रुइट बाईंनी टेप काढली. सात इंच. पुन्हा मोजलं. सातच. "अकरा हवे होते!" हा आवाज मात्र सरसाच्या डरकाळीला मागे टाकणारा होता. एका दिवसात शिडी बदलणं शक्य नव्हतं. मिस वायनेल वरून शांतपणे म्हणाल्या, "बाई, ओरडू नका. तुमच्या त्या पोरांचे कपडे मी टीव्हीवर पाहिलेत. त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा जास्त वाकतो का?"

प्रुइट बाईंनी टेप गुंडाळून खिशात टाकली. 

मंगळवारी एक अंतराळवीर, हवा भरून टणक झालेला पोशाख घालून, ती शिडी धापा न टाकता चढला. तोंड वाकडं केलं नाही. "बाकी दोन्हीकडे माझे गुडघे बोंबलले होते. इथलं माप कसं काढलंत?"

"प्रत्यक्ष माणसावर चाचणी घेतली," प्रुइट बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. नंतर त्यांनी ड्रॉइंगमधला अकरा इंचांचा आकडा खोडून सात केला.

हॉइटनी त्याच आठवड्यात व्हरांड्याच्या पायऱ्या उखडून पाच नव्या बसवल्या. शनिवारी मिस वायनेल घरी गेल्या. ह्या खेपेला कोणालाही बोलावलं नव्हतं. त्या पाच पायऱ्या त्या एकेक करून चढल्या, वरच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "चौकट सांभाळ," आणि नवऱ्याचा हात धरून आत गेल्या. दोन्ही काठ्या आता त्यांच्या दाराजवळ टांगलेल्या आहेत. एकीवर लिहिलंय 'चंद्र', दुसरीवर 'वायनेल'. अक्षर मिस वायनेलचं आहे.

ऑगस्टमध्ये कंत्राट दुसऱ्या कंपनीला मिळालं. आमचं लाकडी यान शेजारच्या परगण्यातल्या एका माणसाने विकत घेतलं आणि शेतात मचाण म्हणून उभं केलं. शिडी फार जागा खाते म्हणून त्याने ती काढून टाकली आणि दुकानातली ॲल्युमिनियमची लावली. तिच्या पायऱ्या बारा बारा इंचांवर आहेत.