सात माठ आणि हिरवा ऑइल पेंट

वरून पत्र आलं, की बैठकांत प्लास्टिकच्या बाटल्या बंद कराव्यात आणि खरेदी शक्यतो स्थानिक व पर्यावरणपूरक असावी. आमच्या बारामतीच्या कार्यालयात ते माझ्या टेबलावर आलं आणि मला मनापासून बरं वाटलं. कऱ्हाटीच्या शाळेत माठातलं पाणी पिऊनच आम्ही शिकलो. त्या शाळेमुळेच आमच्या घरातला पहिला पदवीधर या खुर्चीवर बसला. मी सात माठांची टिपणी लिहिली.

साहेबांनी सही केली. म्हणाले, "हा उन्हाळा नीट गेला, तर तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना माठच घ्यायला सांगू."

सांगवीच्या कुंभाराला, तात्यांना, मी हे उत्साहाने सांगून बसलो. त्यांनी तेवढ्या भरवशावर दोन ट्रॉली माती आणून टाकली.

मग नियम सुरू झाले. तीन दरपत्रकं हवीत, म्हणून मी दोनदा इंदापूरला जाऊन आलो. अटींचा नमुना मागच्या वॉटर कूलरच्या फाइलमधून घेतला होता. त्यात एक वर्षाची वॉरंटी होती.

"म्हंजी काय?" तात्यांनी विचारलं.

"वर्षात फुटला तर बदलून द्यायचा."

"आन् तुमच्या शिपायाची वारंटी कोन देनार?"

अखेर माठ आले. भांडारपालांनी ते जडवस्तू नोंदवहीत चढवले. प्रत्येक सरकारी वस्तूवर क्रमांक घालावा लागतो. योजना पर्यावरणाची, म्हणून त्यांनी शिल्लक डब्यातल्या हिरव्या ऑइल पेंटचे दोन हात सगळ्या माठांना दिले आणि वर पांढऱ्या रंगात क्रमांक टाकले. मी त्या आठवड्यात प्रशिक्षणाला होतो.

परतलो तर बैठकीत पुन्हा बाटल्या. माठातलं पाणी कोमट होतं.

तात्यांना बोलावलं. त्यांनी माठावरून हात फिरवला.

"आरं, माठ पाझरला तरच पानी गार व्हतं. तुमी त्याला रेनकोट घातलाय."

"दिसायला किती छान झालेत बघा तात्या," भांडारपाल म्हणाले.

"व्हय. आता कुंड्या म्हनून वापरा."

दोन दिवस पॉलिश पेपरने घासून पाहिलं. रंग छिद्रांत बसला होता, निघाला नाही. मी नवीन माठांची टिपणी लिहिली. भांडारपालांचा शेरा आला, 'वस्तू सुस्थितीत असल्याने बाद करता येत नाहीत.' पाणी गार होत नाही, असं मी कळवलं. उत्तर आलं, 'खरेदी आदेशात तशी अट नाही.' आदेशाचा मसुदा माझाच होता. वॉरंटी उतरवून घेतली होती. पाणी गार व्हावं, हे लिहायचं मलाही सुचलं नव्हतं.

ग्रामपंचायतींना माठ घ्यायला सांगणाऱ्या पत्राचा मसुदा मी ठेवला होता, त्यावर साहेबांनी लिहिलं, 'माठांचा अनुभव समाधानकारक नाही.' दोष रंगाचा आहे, माठांचा नाही, हे मी लेखी दिलं, तोंडी सांगितलं, साहेबांना हात लावून बघा म्हणालो. फाइल 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली. चर्चेला कोणी वेळ दिला नाही, आणि मे महिना निम्मा सरला.

शेवटी मी सांगवीला गेलो. तात्या मातीच्या ढिगाजवळच उभे होते.

"वीटभट्टीवाला मागतोय. देऊ का थांबू, येवढंच सांग."

मी म्हणालो, "द्या, तात्या."