लिथियम संपेपर्यंत

"तिला बोलायला नको सांगू यार, ती लिथियम आहे. नुसती फसफसते," ओंकार माझ्या मागे हळूच म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. उद्या एका शाळेतली मुलं आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा बघायला येणार होती. त्यांना मराठीतून प्रयोग कोण समजावणार, हे ठरत होतं.

मी पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिले. सरावासाठी सरांनी टाकलेला लिथियमचा तुकडा बुडबुडे सोडत संथ तरंगत होता. तो संपायची वाट कुणीच बघत नाही. मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याच्या खालचं सोडियम पाण्यावर सैरावैरा पळतं, त्याखालचं पोटॅशियम जांभळं पेटतं, म्हणून सगळे लगेच पुढच्या भांड्याकडे सरकतात. खाली जावं तसा गोंगाट वाढतो. पण तितकेच अणू घेतले, तर या तिघांत जास्त उष्णता लिथियमच देतं. ते सहजासहजी वितळत नाही, म्हणून सावकाश देतं, एवढंच.

इंग्लिश मीडियममुळे मी मराठीत बोलताना अडखळते. हसं होण्यापेक्षा गप्प राहते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मी भांड्याला हात लावला. काच कोमट झाली होती.

"मग कोण बोलणार?" सरांनी विचारलं.

"मी बोलणार, सर," मी म्हणाले. थोडी अडखळले, तरी पुढचंही बोलले, "आणि लिथियम पूर्ण संपेपर्यंत सोडियमच्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही. ओंकार, तूसुद्धा."