मुक्ताबाईचा वंशपरंपरेचा कागद

१९३६ च्या चैत्रात महिपती ठेकेदार लोणावळ्याच्या मुक्ताबाईच्या ओट्यावर येऊन मांडी ठोकून बसला. "मावशी, तुमी निस्तं हुकूम सोडा! दर साली कौलं चाळून देतो, फुकाट. वंशपरंपरा! कागदावर अंगठा तेवढा उठवा."

त्या एका शब्दानं बाई फसली. गावात न्हावी, सुतार, कुंभार सगळे वंशपरंपराच राबतात. त्यातलाच हा एक, असं समजून विधवा बाईनं अंगठा दिला.

महिन्याभरानं शेजारच्या कादरभाईंनी, म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेल्या कारकुनानं, त्या कागदाची नक्कल वाचली आणि चष्मा काढला.

"मुक्ताबाई, बांधला गेला तो न्हाई, तुमी! घर विका, भाड्यानं द्या, लेकीच्या नावं करा, दर वेळी ह्याची संमती लागणार. तुमच्या मागं रतनलाबी तेच."

मुक्ताबाईच्या हातातलं पीठ परातीत गळून पडलं. रतनला, एकुलत्या लेकीला, द्यायला या दोन खोल्यांपलीकडं तिच्यापाशी होतं काय?

"उद्या वडगावला नोंदनीला बोलावलंय," ती पुटपुटली.

"नोंद झाली की घराला चिकटलं. न्हाई झाली, तर घराला लागत न्हाई."

"पर अंगठा माजाच हाय. सायबापुढं खोटं कसं बोलू?"

"बोलू नका. वाचून काय दावलं, तेबी खरंच सांगा."

दुसऱ्या दिवशी वडगावच्या नोंदणी कचेरीत महिपती तिला खेटूनच उभा राहिला. कानाशी मधाळ कुजबूज चालू. "मावशी, निस्तं व्हय म्हनायचं. फाटे फोडले तर तुरुंग, बरं का!"

नोंदणी करणाऱ्या साहेबानं मान वर न करता एका दमात विचारलं, "अंगठा तुमचा? मजकूर समजून दिला? कबूल?"

'व्हय' बाईच्या ओठांपर्यंत आलं होतं. डोळे गच्च मिटून ती म्हणाली, "अंगठा माजा. वाचून न्हाई दावला. निस्तं कौलं म्हनला ह्यो!"

आता साहेबाची मान वर झाली. "समजून दिला नाही, म्हणजे करूनच दिला नाही. नोंदणी नाकारली."

दारात महिपती हसला. "बरं हाय, मावशी. आता कौलावर कोन चढतंय, बघतोच."

घर सुटलं, असं सोबत आलेल्या कादरभाईंनी वाटेत दोनदा सांगितलं. पण फलाटावर कुणा हमालानं "मावशी, सरका" म्हणताच ती दचकली, आणि गाडी येईस्तोवर कादरभाईंच्या छत्रीचं टोक मुठीत धरून उभी राहिली.