मास्तरांचा हिवाळा

"खाली पाह्य, मंग वर पाह्य," असं म्हणूनच मास्तर माळावर पहिलं पाऊल टाकत. दुर्बीण गळ्यात आणि नजर जमिनीवर. पक्षी पाहायला निघालेला हा माणूस निम्मा वेळ ढेकळंच पाहत असायचा. मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईचे. सुलतानपुरात त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं.

तुम्ही कधी पक्षी पाहत हिंडला असाल, तर आमचं मंडळ तुम्हाला ओळखीचं वाटेल. दहा-बारा जण, रविवारची फेरी आणि नियम मात्र ढीगभर. एकट्याने पाहिलेला पक्षी यादीत चढत नाही, दुसऱ्याचा दुजोरा लागतो. जमिनीवरच्या घरट्यापासून तीस पावलं लांब राहायचं, नाहीतर हिवाळ्यातल्या दोन फेऱ्या बंद. मास्तर आमचे मानकरी. त्यांना दुजोरा लागत नसे, त्यांचा एकट्याचा शब्द पुरे होता.

तीस पावलांचा नियम पहिल्यांदा मोडला तो मी. टिटवीच्या अंड्यांचा फोटो हवा होता. मास्तरांनीच मला दोन फेऱ्या घरी बसवलं. "शेजारी म्हून सोडू काय बे तुले?" एवढंच म्हणाले. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. भिंतीला भिंत लागून असताना न बोलणं फार मेहनतीचं काम आहे, करून पाहा.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघंच माळावर गेलो होतो. मास्तरांना काचबिंदू झाला होता. येता हिवाळा दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वर एक गरुड घिरट्या घालत होता. मास्तर दुर्बीण लावून मागे मागे सरकत गेले आणि पायाखाली काहीतरी फुटलं. टिटवीची चार अंडी होती, त्यातली तीन गेली. टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत राहिली.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि माझीच मला लाज वाटली.

"मास्तर, कोनं पाह्यलं? चला."

"तिनं पाह्यलं ना," ते वर बघत म्हणाले.

रविवारी त्यांनी मंडळासमोर सगळं सांगितलं. सगळे सांभाळून घ्यायला लागले. पोस्टात काम करणारे आमचे एक सभासद म्हणाले, "मानकऱ्याले एवढी सूट नाही, तं मान कायचा?" मग मला विचारलं. मी म्हणालो, "मले तं काही दिसलं नाही." दुजोराच नाही म्हटल्यावर प्रकरण मिटेल, असं मला वाटलं.

मास्तर माझ्याकडे पाहून हसले. "माह्या एकल्याचा शब्द पक्ष्यासाठी चालते, तं याच्यासाठीबी चालला पाह्यजे. याले दोन फेऱ्या देल्या होत्या, मले आख्खा हिवाळा द्या. याच्यापाशी मान नव्हता, माह्यापाशी होता."

आख्खा हिवाळा म्हणजे त्यांच्यासाठी काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शेवटी मंडळाच्या वहीत तशी नोंद झाली.

त्या हिवाळ्यात तलावावर करकोच्यांचा मोठा थवा उतरला. मी धावत त्यांच्या दुकानात गेलो. "मास्तर, फेरी नका समजू. गुपचूप पाहून या."

"काऊन? एकटा गेलो तं फेरी नाही होत काय?" म्हणाले आणि सुई-दोरा ओवायला माझ्या हातात दिला. मला त्यांचा राग आला होता. आणि हा माणूस आमच्या मंडळाचा आहे म्हणून माझा ऊरही भरून आला होता.

बंदी संपली तोवर दारात कोण आलंय, हे ते आवाजावरून ओळखायला लागले होते. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

यंदा मंडळाने मानकरी म्हणून माझं नाव काढलं. टाळ्याही वाजल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी अंडे फुटताना म्या पाह्यलं होतं. तुमच्यासमोर खोटं बोललो."

"आता काय त्याचं? झालं गेलं," पोस्टातले म्हणाले.

"मानकरी व्हाचं, तं सजाबी मानकऱ्याची घ्या लागते," मी म्हणालो आणि आख्खा हिवाळा मागून घेतला.

म्हणून सध्या रविवारी सकाळी मंडळी माळाकडे निघतात तेव्हा मी दुकान उघडत असतो. जाताना सगळे हात करतात. मीही करतो, ताठ उभा राहून.