पैलवान नात

मुलांमध्ये वीस वर्षं काम केलं की किस्से इतके साठतात, की जेवताना एखादा आठवला तर घास हातातच राहतो. मंगळवार पेठेत माझं फिजिओथेरपीचं छोटंसं सेंटर आहे. आज फक्त बिद्रीच्या आबांचे सांगते.

*

आबा तरुणपणी नामांकित पैलवान. नात शरू सहा महिन्यांची झाली तरी मान धरेना. पायांची कात्री, मुठी कायम आवळलेल्या. आबा गावभर सांगत सुटले, "अंग बघा कसं कडक हाय! जन्मताच पैलवान!" अख्खी तालीम तिला बघून गेली!

लंगोट बदलताना पाय उघडत नाहीत म्हणून तिची आई, वैशाली, तेवढी घाबरली होती. तिनं हट्टानं डॉक्टर गाठला. निदान झालं, सेरेब्रल पाल्सी.

*

पहिल्याच दिवशी आबांनी विचारलं, "किती दिसात बरी हुईल?"

"आबा, हा काय ताप आहे उतरायला? मेंदूची इजा राहतेच. पण व्यायामानं बरंच शिकवता येतं."

"चालंल न्हवं?"

"आत्ताच नाही सांगता येणार."

"मग न्हाय बी म्हनू नगा की!"

*

व्यायाम शिकवला, तर आबांनी तालमीतल्यासारखा जोरच लावला. शरू किंचाळली. मी झापलं, "आबा, ओढायचं नाही! हळूच ताणून धरायचं, स्नायू सैल व्हायची वाट बघायची."

महिन्याभरात माझ्यापेक्षा हलका हात झाला त्यांचा. म्हणाले, "जलमभर पोरांना जोर लावायला शिकवलं मॅडम. आता दम धरायला शिकतोय!"

*

एकदा खिडकीतून गल्लीतल्या पोरी बघत बसले होते. मध्येच म्हणाले, "ह्या उंडगत्यात म्हनून आयांचा मार खात्यात. मला बी एकदा शरूच्या मागं काठी घिऊन पळायचंय."

मी उगाच मॅट झटकत राहिले.

*

शरू चार वर्षांची झाली. त्या दिवशी तिच्या हातात वॉकर दिला आणि आबांना समोरच्या टोकाला उभं केलं. बजावलं, "जागचं हलायचं नाही. ती येऊ दे."

एक पाऊल. थांबली. दुसरं. वैशालीनं तोंडावर ओढणी दाबून धरली होती. पाचव्या पावलाला शरूनं हात पुढं केला. बोटं सदऱ्याला लागणार, एवढ्यात आबा एक पाऊल मागं सरकले!

"आबा!" मी ओरडलेच.

त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"गप बसा मॅडम! आनि एक टाकत्या, बघू द्या की!"